घरटी एक माणूस

पावसाळा ओसरला की आमच्या ओळखीच्या डोंगरवेड्या मंडळींत एक वाद हमखास पेटतो. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या पायवाटा पावसात खचतात, वाहून जातात. त्यांच्या डागडुजीला आपण स्वयंसेवक म्हणून जावं की नाही? एक बाजू म्हणते, का म्हणून जायचं? आपण कर भरतो, दारावर तिकीट काढतो, वाटा नीट ठेवणं हे वनखात्याचं काम आहे. दुसरी बाजू म्हणते, खात्याला माणसं पुरत नाहीत, आपल्याकडे रविवार मोकळा आहे, कुदळ-फावडं घ्या आणि चला. तिसरी बाजू दोघांनाही गप्प करू पाहते: जंगलाला तुमची काहीच गरज नाही, तुम्ही तिथे न जाणं हीच खरी सेवा. ही तिन्ही बोलणी मी बरीच वर्षं ऐकतो आहे, आणि दर वेळी एकच गोष्ट खटकते. यात वाटेबद्दल कुणी बोलतच नाही. कुणी आपल्या हक्काबद्दल बोलतं, कुणी आपल्या उत्साहाबद्दल, कुणी आपल्या सोवळेपणाबद्दल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. स्वयंसेवकांना उद्यानात वाटेच्या कामाला घ्यावं. पण आले-गेले पाहुणे म्हणून नव्हे, तर वाटेचा ठरावीक तुकडा किमान तीन पावसाळे सांभाळायला बांधील झालेली माणसं म्हणून. त्यांच्यावर मुकादम असावा तो उद्यानातल्या आदिवासी पाड्यावरचा, मजुरी घेणारा वनमजूर. आणि स्वयंसेवक आले या सबबीखाली त्या कामाच्या सरकारी तरतुदीतला एक रुपयाही कमी होता कामा नये. यातली एकही अट गळणार असेल, तर पहिल्या बाजूचं म्हणणं खरं आणि मी माझी कुदळ घरी ठेवायला तयार आहे.

आता वाटेविषयी. वाट एकदा पडली की पडली, ती आपोआप टिकते, असा आपला समज असतो. सपाटीवर कदाचित टिकतही असेल. मुंबईच्या पावसात डोंगरउतारावर टिकत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस बाजूला ठेवा. साध्या वर्षीही इथे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माणसांच्या पायांनी दाबलेली माती पाणी पीत नाही. पाणी उतरायला सोपी जागा शोधतं, आणि पायवाटेइतकी सोपी जागा त्याला दुसरी नसते. जुलैपर्यंत वाटेचा ओहोळ होतो. माती आधी जाते, मग मुरूम जातो, मग मोठाले दगड आणि झाडांची मुळं तेवढी उघडी राहतात. माणूस त्या दगडांवरून चालत नाही, शेजारच्या गवतावरून चालतो. आठ-पंधरा दिवसांत तिथलंही गवत मरतं आणि पाण्याला दुसरी वाट मिळते. पाहता पाहता हातभर रुंद वाटेचा दहा हात रुंद घसारा होतो. वळणावर कुणीतरी दोन मिनिटं वाचवायला थेट उतरतो, त्याच्या मागून शंभरजण उतरतात, आणि त्या आडवाटेची खोल घळ होऊन तिथली माती दहिसर नदीच्या पात्रात जाऊन बसते.

याला उपाय आहे. तो जुना आहे आणि अवघडही नाही, पण शिकावा लागतो. 2022 च्या ऑक्टोबरात आम्ही दहा-बाराजण रीतसर परवानगी घेऊन उद्यानातल्या एका आतल्या वाटेवर कामाला गेलो होतो. आमच्यासोबत पाड्यावरचे एक वनमजूर होते, वय साठीच्या आसपास. आम्ही त्यांना काका म्हणत होतो आणि ते आमच्यातल्या कॉलेजच्या पोरांनाही दादा, ताई म्हणत होते. आम्ही उत्साहाने मोठे दगड आणून वाटेवर आडवे रचले, पाणी अडवायला सरळ बांधच घातला म्हणा ना. काकांनी थोडा वेळ पाहिलं आणि पहारीने पहिला दगड उचकटला. "दादा, पानी अडवायचं नाय. वळवायचं." मग त्यांनी लांबट दगड निवडला, वाटेला तिरका धरला, वरचं टोक डोंगराकडे आणि खालचं टोक दरीकडे. गुडघ्याच्या निम्म्यापर्यंत चर खणून तो दगड असा बसवला की दोन हिस्से मातीत आणि एक हिस्सा वर राहिला. मागे खडी ठासून भरली, वर उभे राहून टाचेने दाबून पाहिलं. खालच्या टोकाशी हातभर लांब चर काढून दिला, म्हणजे वळलेलं पाणी झाडीत पसरेल, पुन्हा वाटेवर येणार नाही. एका दगडाला पाऊण तास लागला. त्या दिवशी दहा-बाराजणांनी मिळून सात दगड बसवले आणि वळणावरची एक आडवाट बंद केली. तेवढंच काम झालं, आणि तेवढ्यानेच माझी या विषयाकडे पाहण्याची नजर बदलली.

पहिल्या बाजूचा मुद्दा मला मनापासून पटतो, म्हणून तो तिच्यापेक्षा जोरकसपणे मांडतो. स्वयंसेवकांच्या भरवशावर राष्ट्रीय उद्यान चालत नाही, याचा पुरावा अमेरिकेने दिला आहे. 22 डिसेंबर 2018 पासून 35 दिवस तिथल्या केंद्र सरकारचं काम निधीअभावी ठप्प होतं. बरीच राष्ट्रीय उद्यानं उघडी ठेवली, पण कर्मचारी घरी बसवले. कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री उद्यानात आसपासचे लोक स्वतःहून आले, त्यांनी शौचालयं धुतली, कचरा वाहून नेला. त्यांच्या चांगुलपणाला तोड नव्हती. तरीही त्याच दिवसांत तिथे झाडं तोडली गेली आणि वाळवंटात नको तिथे गाड्या घालून नव्या वाटा पाडल्या गेल्या. कचरा उचलता येतो. अधिकार मात्र गणवेशातल्या, पगारी, कायद्याने नेमलेल्या माणसाकडेच असतो. तेव्हा "लोक करतायत ना, मग भरती कशाला" हा विचार जिथे मूळ धरेल तिथे स्वयंसेवा जंगलाच्या मुळावरच येईल.

याहून टोकदार आक्षेप मजुरीचा आहे, आणि शहरातल्या निसर्गप्रेमींच्या तो ध्यानातही येत नाही. उद्यानाच्या हद्दीत पाडे आहेत. तिथे वारली आहेत, महादेव कोळी आहेत. त्यांच्यापैकी कितीकांच्या घरात रोजंदारीचे पैसे याच कामातून येतात: वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढायच्या, वाटा साफ करायच्या, पाणवठ्यांतला गाळ काढायचा. ते काम आम्ही रविवारी हौसेने फुकट केलं, तर सोमवारी त्यांना कुणी बोलावेल का? महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर उभी राहिली. 1977 मध्ये तिचा कायदा झाला, आणि सरकारी कामावर खडी फोडणाऱ्या बाईला पहिल्यांदा सांगता आलं की ही दया नाही, माझा हक्क आहे. मागेल त्याला काम. ज्या राज्याने हे कायद्यात लिहिलं, तिथे श्रमदानाच्या नावाखाली कुणाची मजुरी बुडत असेल तर तो पुण्याचा व्यवहार नव्हे.

मग मी स्वयंसेवकांच्या बाजूने का? कारण या आक्षेपातून "स्वयंसेवक नकोत" हा निष्कर्ष निघत नाही. "स्वयंसेवकांनी मजुराच्या जागी उभं राहू नये" एवढाच निघतो. आमच्या त्या दिवशी काकांची मजुरी बुडाली नव्हती. त्यांना ती मिळाली आणि वर दहा-बारा नवशिके हात मिळाले. जे काम ते एकटे चार-पाच दिवसांत करते ते एका दिवसात झालं, आणि पुढच्या दिवसांसाठी त्यांच्यापुढे दुसऱ्या वाटा होत्याच. वाटांची कमतरता कुठल्याच जंगलात नाही. कमतरता आहे ती पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर त्या सगळ्या पालथ्या घालणाऱ्या पायांची. म्हणूनच मुकादमाची अट मी शोभेसाठी घातलेली नाही. कामाची आखणी, हत्यारांचं वाटप, कुठला दगड कुठे बसणार आणि कुठल्या फांदीला हात लावायचा नाही, हे सगळं त्याच्या शब्दावर चालावं. शहरातला अभियंता तिथे त्याच्या हाताखालचा गडी असावा. ही उतरंड उलटी झाली, की पाड्यावरचा माणूस पाहुण्यांचा डबा वाहणारा होतो आणि वाट बिघडते ती बिघडतेच.

तिसऱ्या बाजूला मी हसण्यावारी नेत नाही. तिच्या मागे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा उभा आहे. राष्ट्रीय उद्यानात परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि परवाना मिळतो तो अभ्यास, संशोधन, छायाचित्रण, पर्यटन अशा मोजक्या कारणांसाठी. तिथली झाडी हलवायची तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, तीही वन्यजीवांच्या भल्यासाठी. हे कडक आहे आणि ते तसंच असावं. हौशी लोकांनी जंगलात काय करून ठेवलंय ते मीही पाहिलं आहे. दिशा दाखवायला खडकांवर आणि झाडांच्या खोडांवर फासलेला ऑइलपेंट. वाट "मोकळी" करताना कोयत्याने सपासप छाटलेली कारवीची झुडपं. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. 2016 नंतर ती 2024 ला फुलली, तेव्हा फोटोसाठी वाट सोडून तिच्यात कमरेपर्यंत घुसलेली माणसं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. त्यांतली कितीतरी स्वतःला निसर्गप्रेमीच म्हणवत होती.

पण "जाऊच नका" हे उत्तर कुठल्या जंगलासाठी आहे? या उद्यानात वर्षाकाठी वीस लाखांच्या घरात माणसं येतात. पहाटे चालायला येणारे आहेत, कान्हेरीची लेणी पाहायला येणारे आहेत, शाळांच्या सहली आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारी माणसं आहेत. वाटा आहेत आणि वापरात आहेत. ज्या वाटेवर माणूस चालणारच आहे, तिथे निगा न राखणं म्हणजे जंगलाला हात न लावणं नव्हे, तर जंगल दर वर्षी आणखी पाच-पाच हात रुंदीने तुडवू देणं आहे. चांगली राखलेली वाट माणसाला वाटेवरच ठेवते. वाट चिखलाची, घसरडी, ओबडधोबड झाली की माणूस झाडीत शिरतो. हे ज्याला दिसत नाही त्याने जुलैच्या अखेरीस एखाद्या वळणावर अर्धा तास नुसतं उभं राहून बघावं.

आणि वाटेची निगा म्हणजे ती रुंद आणि सोपी करणं, हे तरी कुणी ठरवलं? पायऱ्या, रेलिंग, काँक्रीट हीच दुरुस्ती अशी समजूत आता किल्ल्यांपासून टेकड्यांपर्यंत पसरली आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाविषयी उलट सांगणं आहे: गडावर येणारी वाट सुगम नसावी, सुगम असेल तर ती मोडून तिच्यावर झाडी वाढवावी. त्यांचा हेतू लढाईचा होता, आपला नाही. पण एक जाण त्यात आहे जी आपण हरवून बसलो आहोत: कुठली वाट ठेवायची आणि कुठली मोडायची, हा विचार करून घ्यायचा निर्णय असतो. त्या ऑक्टोबरात आम्ही आडवाट बंद केली तेव्हा काकांनी तिच्या तोंडाशी काटेरी फांद्या आडव्या टाकल्या, उतारावर सुकलेलं लाकूड अडकवलं, आणि वरून पालापाचोळा पसरला. वाट दिसेनाशी झाली, माणसं सरळ वळणावरून जाऊ लागली. वाट बंद करणं हेही वाटेचंच काम आहे, आणि माझ्या मते स्वयंसेवकांनी सगळ्यांत आधी तेच शिकावं.

राहिला उत्साहाचा प्रश्न. दुसऱ्या बाजूशी माझं भांडण इथेच आहे, तिच्या मनाबद्दल मला तिळमात्र शंका नसूनही. एका रविवारी दोनशे माणसं, सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, मागे फलक, आणि पुढच्या रविवारी कुणी नाही. वाटेला याचा काय उपयोग? दोनशे माणसं एका पायवाटेवर उतरली तर त्यांच्या पायांनीच ती खचेल. अमेरिकेतल्या अपलेशियन ट्रेल या लांबलचक पायवाटेचा दाखला आपल्याकडे नेहमी दिला जातो, पण अर्धाच. 1921 मध्ये बेंटन मॅकाय यांनी ती कल्पना मांडली आणि 1937 मध्ये वाट सलग जोडली गेली: 14 राज्यांतून जाणारी, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांबीची, शेनान्डोआ आणि ग्रेट स्मोकी माउंटन्स या दोन राष्ट्रीय उद्यानांतूनही जाणारी. ती स्वयंसेवक सांभाळतात हे खरं. पण कसे? तीसेक मंडळांनी ती आपसांत वाटून घेतली आहे, आणि मंडळात एकेका माणसाकडे वाटेचा ठरावीक तुकडा असतो. तो तुकडा त्याचा. झाड आडवं पडलं, चर बुजला, खूण पुसली, की उत्तर त्याने द्यायचं. 1984 मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यान सेवेने लेखी करार करून रोजच्या व्यवस्थापनाची जबाबदारी या मंडळांच्या मध्यवर्ती संस्थेकडे दिली. शिवाय त्या परिसरातल्या कितीतरी वाटांचं मूळ काम पगारी हातांनी झालेलं आहे: मंदीच्या काळात, 1933 ते 1942, सरकारी दलात भरती झालेल्या बेरोजगार तरुणांनी. ते महिना 30 डॉलर कमावत, त्यातले 25 घरी पाठवत. आधी मजुरी, आधी सरकार, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून स्वयंसेवक. दाखला द्यायचा तर हा पूर्ण द्यावा.

पण मला एवढ्या लांब जायची खरं तर गरज वाटत नाही. कोकणात माझ्या आजोळी ओढ्यावर साकव होता. आंब्या-फणसाचे ओंडके, वर बांबू, वेलींनी आणि सुंभाने आवळलेला. तो दर वर्षी नव्याने घालावा लागे, आणि गावकीत ठरलं की घरटी एक माणूस यायचा. गणपतीच्या आधी पाखाडीची बेणणी व्हायची. जांभ्याच्या पायऱ्यांवर वाढलेलं गवत काढायचं, शेवाळ खरवडायचं, सुटलेला चिरा परत बसवायचा. ज्या घरात पुरुष मुंबईला असेल तिथून बाई यायची, म्हातारा यायचा, नाहीतर त्या दिवसाची मजुरी देऊन दुसरा माणूस पाठवायचा. ते दान नव्हतं आणि त्याला कुणी सेवाही म्हणत नसे. वाट वापरता, तर वाटेचं काम तुमच्याकडे लागतं, इतका साधा हिशोब होता. मजुरी देऊन माणूस पाठवायची सोयही त्यात होती, म्हणजे कष्टाची किंमत कुणी शून्य धरत नव्हतं. आज आपण नागरिक आणि सरकार असे दोनच खण केलेत आणि प्रत्येक गोष्ट त्यांतल्या एकात कोंबतो. मधली ही गावकीची जागा आपण विसरलो. राष्ट्रीय उद्यानाची गावकी कुणाची? पाड्यांची तर आहेच. पण बोरिवली, मुलुंड, ठाणे इथून रोज पहाटे आत शिरणाऱ्या हजारो पायांची नाही का?

अशी गावकी शहरात उभी राहू शकते का, असं कुणी विचारलं तर उत्तर याच उद्यानात आहे. 2004 मध्ये आसपासच्या वस्त्यांत बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक जीव गेले, आणि तेव्हाची ओरड होती पिंजरे लावा, उचलून न्या. 2011 मध्ये वनखातं, अभ्यासक आणि सामान्य मुंबईकर यांनी एकत्र येऊन "मुंबईकर्स फॉर एसजीएनपी" (एसजीएनपी म्हणजे हेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) हा उपक्रम सुरू केला. कचऱ्यामुळे कुत्री, कुत्र्यांमुळे बिबट्या, ही साखळी लोकांना वस्त्यावस्त्यांत जाऊन समजावली गेली. त्यात कुणी वनरक्षकाचं काम हिसकावलं नाही, आणि वनखात्यानेही लोकांना नुसतं टाळ्या वाजवायला बोलावलं नाही. तिकडे दुष्काळी गावांत 2016 पासून पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत गावकऱ्यांनी उताराला आडवे समतल चर खणले, तेही आधी प्रशिक्षण घेऊन आणि नंतर खोली-रुंदी मोजून. उतारावरचं पाणी कसं वागतं हे शेतकरी शिकू शकतात, तर एक तिरका दगड बसवायला आपण शिकू शकत नाही असं कसं म्हणायचं?

कान्हेरीच्या लेण्यांत जे शिलालेख आहेत त्यांत कल्याणच्या सोनारांची, लोहारांची, व्यापाऱ्यांची नावं दाते म्हणून कोरलेली आहेत. कुणी पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, खोदवून दिली, कुणी वाट करून दिली. मुंबई हे नावही नव्हतं तेव्हा शहरातल्या कमावत्या माणसाला या डोंगरातली वाट आपली जबाबदारी वाटली होती. पण त्यांनी वाट दिली, आणि पुढची निगा तिथे राहणाऱ्या भिक्षूंवर होती. आपल्याला आज नवी वाट देणारे नकोत, असलेल्या वाटांच्या शेजारी राहिल्यासारखी वागणारी माणसं हवी आहेत.

वनखात्याने यासाठी करायचं आहे ते फार मोठं नाही. वाटांची यादी करावी, त्यांतल्या कुठल्या ठेवायच्या आणि कुठल्या मोडायच्या हे अभ्यासकांना आणि पाड्यांना विचारून ठरवावं. ठेवायच्या वाटांचे तुकडे पाडावेत, प्रत्येक तुकड्याला एक पगारी मुकादम आणि पाच-सहाच स्वयंसेवक नेमावेत. काम सूर्य वर आल्यावर सुरू व्हावं आणि दुपारनंतर थांबावं, कारण संध्याकाळ त्या वाटेवर बिबट्याची असते. मुकादमाच्या मजुरीचा आकडा त्या कागदावर सगळ्यांत वर लिहिलेला असावा. आणि जो दुसऱ्या वर्षी येणार नाही, त्याचं नाव काढून पुढच्याला संधी द्यावी.

गेल्या ऑक्टोबरात, म्हणजे 2025 च्या, आम्ही आमच्या तुकड्यावर पुन्हा गेलो. दहा-बाराजणांपैकी पाचजण उरलो आहोत. सात दगडांपैकी दोन हलले होते, एकाचा चर पाल्याने पूर्ण बुजला होता आणि पाणी वरून उडी मारून गेलं होतं. सकाळभर तेच नीट केलं. मग काका आम्हाला त्या बंद केलेल्या आडवाटेशी घेऊन गेले. टाकलेल्या फांद्या कुजून मातीला मिळाल्या होत्या आणि त्यांच्यामधून, जिथे तीन वर्षांपूर्वी नुसता लाल घसारा होता तिथे, बोटभर उंचीची कारवीची रोपं दाट उगवली होती. 2024 च्या बहराचं बी. काकांनी वाकून एक पान दोन बोटांत धरून दाखवलं. ही आता 2032 ला फुलतील. त्यांच्याशेजारी गवतात एका बुटाचा ताजा ठसा होता, थेट खाली उतरत गेलेला. काकांनी काही न बोलता कोयता घेतला आणि काटेरी फांद्या तोडायला वरच्या बाजूला निघाले. आम्हीही मागोमाग गेलो.